लोहाराची भट्टी आणि प्रकाशाचे पुडे



रोवणीचे दिवस जवळ आले की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात लोहाराच्या दाराशी गर्दी होते. कुणाचा फाळ बोथट झालेला असतो, कुणाच्या कुऱ्हाडीला पाणी द्यायचे असते, कुणाला नवा विळा हवा असतो. भाता चालू होतो, कोळसा फुलतो आणि त्यात खुपसलेले लोखंड हळूहळू रंग बदलू लागते. आधी काहीच दिसत नाही, नुसती धग लागते. मग मळकट लाल रंग येतो. आणखी भाता मारला की तो गाजरासारखा होतो, नंतर पिवळा, आणि फारच तापवले तर पांढरट. लोहाराजवळ तापमापक नसतो. तो रंग पाहतो आणि सांडशीने लोखंड उचलून ऐरणीवर ठेवतो. रंग चुकला तर विळ्याची धार टिकत नाही, हे त्याला शाळेत न जाता ठाऊक असते.

आता तुम्ही म्हणाल, आजचा विषय तर विज्ञानाचा, पुंजयामिकीचा. ज्याला हल्ली वर्तमानपत्रांतून ‘क्वांटम’ म्हणतात तो. मग हे लोहाराचे पुराण कशासाठी? तर सांगायची गोष्ट अशी की, हे सगळे शास्त्र लोहाराच्या भट्टीपाशीच जन्माला आले. तापलेल्या वस्तूचा रंग असाच का बदलतो, एवढ्या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता विसाव्या शतकातले सर्वांत मोठे शास्त्र उभे राहिले. तेव्हा ज्याने भट्टी पाहिली आहे, त्याला हा विषय परका नाही.

आधी एक गोष्ट ध्यानात घेऊ. हा रंग लोखंडाचा नव्हे, उष्णतेचा असतो. भट्टीत लोखंडाशेजारी विटेचा तुकडा ठेवा, खापर ठेवा. तितकेच तापले की तिन्ही वस्तू जवळपास सारख्याच रंगाने उजळतात. वीटभट्टी लावणाऱ्याला हे माहीत असते. साधारण ७०० ते ८०० अंश सेल्सियसला लाल, १००० अंशांच्या पुढे नारिंगी-पिवळा. म्हणजे वस्तू कोणती हे महत्त्वाचे नाही, ती किती तापली हे महत्त्वाचे. ज्या अर्थी सगळ्या वस्तूंना एकच नियम लागू आहे, त्या अर्थी त्यामागे सृष्टीचा एखादा मूळ कायदा असला पाहिजे, असे एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांना वाटले.

त्यांनी हिशेब मांडला. प्रकाश म्हणजे लाट. तळ्यावर जशा लांब आणि आखूड लाटा असतात तशा प्रकाशातही असतात. तांबड्या रंगाची लाट लांब, जांभळ्याची आखूड. तांबड्याच्या अलीकडे डोळ्यांना न दिसणारी, पण अंगाला लागणारी धग. जांभळ्याच्या पलीकडे डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण. तापलेल्या वस्तूतली ऊर्जा या सगळ्या लाटांना सारखी वाटली जाईल, असे जुने शास्त्र सांगत होते.

इथेच घोटाळा झाला. एक पंगत डोळ्यांसमोर आणा. वाढपी सगळ्यांना सारखे वाढतो आहे. तांबड्या बाजूला मोजकी पाने मांडलेली, पण जांभळ्याच्या बाजूला पंगतीला अंतच नाही, कारण आखूड लाटा मावतील तितक्या मावतात. मग सगळे अन्न जांभळ्या टोकाकडेच जायचे! हिशेबाप्रमाणे लोहाराने भट्टी पेटवल्याबरोबर तिच्यातून अतिनील किरणांचा लोट निघून जवळ उभे असणाऱ्यांचे डोळे जायला हवे होते. प्रत्यक्षात तसे काही होत नाही. लोखंड आपले आधी लालच होते. हिशेब चूक आणि लोहार बरोबर, अशी अवस्था झाली.

हे कोडे बर्लिनचे प्राध्यापक माक्स प्लँक यांनी सोडवले. तारीख होती १४ डिसेंबर १९००. त्यांनी एक विलक्षण अट घातली. वस्तू ऊर्जा देते ती पाण्याच्या धारेसारखी सलग देत नाही. ठरावीक गठ्ठ्यांनी देते.

ही अट आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. उन्हाळ्यात आपण तेंदूची पाने तोडतो. फळीवर पाने सुटी मोजत नाहीत. ठरावीक पानांचा पुडा बांधावा लागतो आणि पुड्यांची गणती होते. अर्धा पुडा नेला तर तो हिशेबात धरत नाहीत. ऊर्जेचेही असेच आहे. एक पुडा, दोन पुडे, दहा पुडे. पण दीड पुडा नाही. या गठ्ठ्यालाच मराठीत ‘पुंज’ म्हणतात. पुंजांच्या जगातले चलनवलन सांगणारे शास्त्र ते पुंजयामिकी. नाव जड आहे, कल्पना जड नाही.

मात्र एक फरक लक्षात ठेवावा. तेंदूचे पुडे सारखे असतात. प्रकाशाचे पुडे रंगाप्रमाणे लहानमोठे असतात. लाट जितकी आखूड तितका पुडा मोठा. तांबड्या प्रकाशाच्या पुड्यापेक्षा जांभळ्याचा पुडा जवळजवळ पावणेदोन पट मोठा. आता पुन्हा त्या पंगतीकडे पाहा. जांभळ्या बाजूचे पाहुणे म्हणतात, “वाढायचे तर घागरभर वाढा, वाटीभर आम्ही घेत नाही.” भट्टी कमी तापलेली असते तेव्हा वाढप्याजवळ घागरभर एकदम द्यायला नसते. म्हणून ती पाने कोरडीच राहतात आणि लहान पुड्यावर समाधान मानणारे तांबडे पाहुणे तेवढे जेवून उठतात. भट्टी जास्त तापली की मोठे पुडेही परवडू लागतात. मग पिवळा मिसळतो, निळा मिसळतो, आणि सगळे रंग एकत्र आले की लोखंड पांढरट दिसते. लोहाराच्या रंगांची शिडी ती हीच.

पुड्याचे माप ठरवणारा जो आकडा आहे त्याला प्लँकचा स्थिरांक म्हणतात. तो किती लहान असावा? दशांश चिन्हानंतर ३३ शून्ये मांडा आणि मग ६६२६ लिहा, इतका. म्हणून रोजच्या व्यवहारात हे पुडे जाणवत नाहीत. खळ्यावर दुरून पाहिले तर सुपातून पडणारे धान धारेसारखे दिसते. जवळ गेल्यावर दाणे दिसतात. घरातल्या साध्या एलईडी दिव्यातून एका सेकंदात बाहेर पडणाऱ्या प्रकाशकणांची संख्या, एकावर अठरा शून्ये दिली तर होते त्याहूनही मोठी असते. इतके दाणे ओतले जात असताना ती धारच वाटणार.

गंमत अशी की, हा इवलासा आकडा आज आपल्या आठवडी बाजारातही येऊन बसला आहे. पूर्वी जगातल्या किलोचे मूळ माप म्हणून पॅरिसजवळ धातूचा एक ठोकळा कपाटात जपून ठेवलेला असे. २० मे २०१९ पासून ती पद्धत बंद झाली आणि किलोची व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावरून ठरू लागली. मोहफुले मोजणाऱ्या तराजूतले वजन शेवटी या आकड्याशी बांधलेले आहे.

प्लँक यांना स्वतःला आपली ही अट फारशी रुचली नव्हती. हिशेब जुळवण्यापुरती ती युक्ती आहे, असे त्यांना वाटे. पण १९०५ साली आइन्स्टाइन पुढे आले. ते म्हणाले, ही युक्ती नव्हे. प्रकाश खरोखरच कणांच्या रूपाने देवघेव करतो. त्यांनी पुरावा दाखवला तो धातूच्या पत्र्याचा. काही धातूंवर प्रकाश पाडला की त्यातून इलेक्ट्रॉन, म्हणजे विजेचे सूक्ष्म कण, बाहेर उडतात. पण तांबडा प्रकाश कितीही प्रखर पाडला तरी कण उडत नाही आणि जांभळा मंद असला तरी उडतो. असे का?

आंब्याच्या झाडाखाली उभ्या असलेल्या पोरांना विचारा. वाळू मूठ मूठ करून दिवसभर फेकली तरी कैरी पडत नाही. बेताचा एकच दगड नेमका लागला की पडते. तांबडा प्रकाश म्हणजे वाळू, जांभळा म्हणजे दगड. वाळू किती फेकली यापेक्षा एका तडाख्यात किती जोर आहे, हे इथे महत्त्वाचे. आइन्स्टाइन यांना १९२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले ते विशेषकरून याच कामासाठी.

तुम्ही म्हणाल, पत्र्यातून कण उडाला तर आमचे काय? वर पाहा. शाळेच्या छपरावर, शेतातल्या पंपाशेजारी, एटापल्ली-भामरागडकडच्या रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबावर निळसर काळी पाटी दिसते ना? ती सौर पाटी याच नियमाच्या कुटुंबातली. तिच्यातल्या सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन जागच्या जागी बांधलेले असतात. पुरेशा मोठ्या पुड्याचा प्रकाशकण आला की इलेक्ट्रॉन सुटतो आणि वीज वाहू लागते. पुडा लहान असेल तर सुटत नाही. पुष्कळांना वाटते की पाटी उन्हाच्या उष्णतेवर चालते. तसे नाही. तापल्यावर तर ती उलट थोडी कमी वीज देते. गुरुजींनी एक लहान सौर पाटी आणि व्होल्टमापक घेऊन पाहावे. संध्याकाळी अंधारात, खूप तापलेला पण न लाललेला तवा तिच्यासमोर हातभर अंतरावर धरला तर काटा हलणार नाही, आणि साधी विजेरी समोर धरली तर हलेल. तव्याची धग जास्त असते, पण तिचे पुडे लहान असतात.

एलईडी दिव्यात हीच गोष्ट उलटी घडते. इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खाली उतरतो आणि उतरताना प्रकाशाचा एक पुडा टाकतो. पायरी उंच असेल तर निळा, बुटकी असेल तर तांबडा. म्हणून निळ्या दिव्याला विजेचा दाब जास्त लागतो. हा प्रयोग आश्रमशाळेतही करता येतो. पुन्हा भरता येणारे दोन सेल घ्या, म्हणजे मिळून सुमारे २.४ व्होल्ट झाले. सोबत २२० ओहमचा रोधक जोडा. त्यावर तांबडा एलईडी लावा; तो पेटेल. तांबडा काढून निळा लावा. तो जवळजवळ अंधाराच राहील. तिसरा सेल जोडा, की निळा उजळेल. थोडक्या खर्चात मुलांना पुंजयामिकी डोळ्यांनी दिसते.

पायऱ्यांचा उल्लेख झाला, तेव्हा अणूकडे वळू. अणूच्या मध्यभागी केंद्रक असते आणि भोवती इलेक्ट्रॉन. जुन्या नियमाप्रमाणे फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत गमावत क्षणार्धात केंद्रकात पडायला हवा. म्हणजे दगड, झाड, आपण स्वतः, काहीच टिकायला नको. डेन्मार्कचे नील्स बोर यांनी १९१३ साली सांगितले की, इलेक्ट्रॉनला ठरावीक पायऱ्यांवरच राहता येते. दोन पायऱ्यांच्या मध्ये थांबायला जागा नाही आणि सर्वांत खालच्या पायरीच्या खाली पायरीच नाही. म्हणून अणू कोसळत नाही.

प्रत्येक मूलद्रव्याच्या पायऱ्या वेगळ्या. त्यामुळे प्रत्येकाच्या प्रकाशाला स्वतःचा रंग. भात उतू जाऊन मिठाचे पाणी गॅसच्या निळ्या ज्योतीवर पडले की ज्योत एकदम पिवळी होते, हे घरच्या मायबहिणींनी कितीदा तरी पाहिले असेल. तो मिठातल्या सोडियमचा रंग. मोरचुदाने ज्योत हिरवी होते, ती तांब्याची खूण. या खुणांवरून दूरच्या ताऱ्यात काय आहे तेही सांगता येते. १८ ऑगस्ट १८६८ रोजी आपल्या देशातून खग्रास सूर्यग्रहण दिसले होते. फ्रेंच संशोधक यान्सेन त्यासाठी गुंटूरला आले होते. त्या ग्रहणात सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांमध्ये एक पिवळी रेषा आढळली. ती सोडियमच्या रेषेजवळची होती, पण तिच्या जागेवरची नव्हती. पुढे कळले की ते नवेच मूलद्रव्य. त्याचे नाव हेलियम. ते पृथ्वीवर हाती लागले १८९५ साली. सूर्यावर त्याची खूण आधीच पटली होती.

इथवर आपण प्रकाशाला कण म्हटले. पण लाटेचे काय झाले? १९२४ साली फ्रान्सच्या द ब्रॉग्ली यांनी गाडी उलट्या बाजूने हाकली. लाटेला कणाचा गुण असेल, तर कणालाही लाटेचा गुण असला पाहिजे, असे ते म्हणाले. १९२७ साली प्रयोगांत ते खरे ठरले. मग पायऱ्यांचाही उलगडा झाला. तुणतुण्याची तार दोन टोकांना बांधलेली असते, म्हणून तिच्यावर ठरावीकच लाटा बसतात आणि ठरावीकच स्वर निघतात. अणूत बांधलेल्या इलेक्ट्रॉनची लाटही तशीच ठरावीक आकारांत बसते. १९२५ साली हायझेनबर्ग यांनी आणि १९२६ साली श्रोडिंगर यांनी या सगळ्याचे पक्के गणित मांडले. त्याला शंभर वर्षे झाली म्हणून २०२५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी पुंजविज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले.

आता जो भाग सांगतो, तो जरा सावकाश वाचावा. गावच्या मामा तलावात दोन खडे शेजारी शेजारी टाका. दोन्हींच्या लाटा पसरून एकमेकींत मिसळतात. कुठे लाटेवर लाट येऊन पाणी जास्त उसळते, कुठे लाट आणि खळगा एकत्र येऊन पाणी शांत राहते. तसेच पट्टे प्रकाश दोन बारीक फटींतून सोडला की पडद्यावर दिसतात. इलेक्ट्रॉन एकेक करून सोडले तर काय होईल? जपानमध्ये तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिले आणि १९८९ साली प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रयोगात फटींचे काम एका विजेच्या बारीक तारेच्या दोन बाजू करीत होत्या. एक इलेक्ट्रॉन आला, पडद्यावर एक ठिपका उमटला. दुसरा आला, दुसरा ठिपका. पहिले शेकडो ठिपके वाटेल तसे विखुरलेले. पण हजारो ठिपके जमल्यावर पाहतात तो काय, तेच लाटांचे पट्टे! प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटाच आला होता. तरी तो दोन्ही वाटांचा हिशेब करून आल्यासारखा वागला. आणि तो कोणत्या वाटेने गेला याची खूण घेण्याची सोय केली, की पट्टे नाहीसे होतात.

याचा अर्थ काय घ्यायचा? १९२६ साली माक्स बॉर्न यांनी सांगितले की, ही लाट संभवाची लाट आहे. ती जिथे मोठी, तिथे कण सापडण्याचा संभव जास्त. पुढचा एक इलेक्ट्रॉन नेमका कुठे पडेल ते कुणालाही सांगता येत नाही; लाख पडल्यावर पट्टे कसे असतील ते मात्र अचूक सांगता येते.

इथे तुमच्यापैकी कुणी म्हणेल, “यात नवे ते काय? ताडोबातला वाघ या क्षणी कुठे आहे हेही आम्हाला ठाऊक नसते.” शंका रास्त आहे. पण फरक समजून घ्या. ताडोबात वाघांची गणती करायला झाडांना कॅमेरे बांधतात. कॅमेऱ्यात न आलेला वाघही कुठेतरी बांबूच्या बेटात बसलेला असतोच. अज्ञान आपले असते. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत तो मोजण्याआधी अमुक एका जागीच होता, असे धरले तर हिशेब चुकतो. दोन वाटांपैकी तो गुपचूप एकाच वाटेने गेला असे मानले, तर पट्टे पडायलाच नकोत. मग कणाच्या पोटात लपलेली एखादी चिठ्ठी असेल आणि त्या जागीच सारे ठरत असेल का? १९६४ साली जॉन बेल यांनी ही शंका प्रयोगाने तपासायची रीत दाखवली. प्रयोग झाले आणि अशी चिठ्ठी नाही हे ठरले. त्या कामासाठी आस्पे, क्लाउझर आणि त्साइलिंगर यांना २०२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

याच घरातला दुसरा नियम हायझेनबर्ग यांनी १९२७ साली सांगितला. कणाची जागा आणि त्याचा वेग दोन्ही एकाच वेळी पूर्ण नेमके असू शकत नाहीत. तलावावर लांबवर पसरलेल्या लाटांची रांग असेल तर लाटेची लांबी मोजता येते, पण ‘लाट कुठे आहे’ याला उत्तर नाही. ती सगळीकडे आहे. बेडकाने एकदाच डुबकी मारली तर जागा नेमकी कळते, पण लांबी मोजायला लाटांची रांगच नसते. हा दोष डोळ्यांचा नाही, लाटेचाच स्वभाव तो.

आपल्या देशाचा यात वाटा आहे, तोही सांगतो. १९२४ साली ढाक्याला शिकवणारे सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकण मोजण्याची नवी रीत काढली आणि आइन्स्टाइन यांनी ती स्वतः जर्मनमध्ये उतरवून छापायला दिली. चंद्रशेखर व्यंकट रामन हे १९१० च्या सुमारास सरकारी हिशेब खात्याच्या नोकरीत आपल्या नागपूरला होते. पुढे कलकत्त्याला २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांना दिसले की, द्रवातून विखुरताना प्रकाशाचा काही भाग रंग बदलतो. म्हणजे प्रकाशकण आपल्या पुड्यातला थोडा भाग रेणूला देऊन जातो. शाळांतून २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन होतो तो याचसाठी. २०२३ साली भारत सरकारने सुमारे ६००० कोटी रुपयांचे राष्ट्रीय क्वांटम अभियान मंजूर केले. मुंबईची आयआयटी त्यातले एक मुख्य केंद्र आहे.

आता ज्यासाठी हा विषय मुद्दाम घेतला तिकडे येतो. ‘क्वांटम’ हा शब्द हल्ली बाजारात फार स्वस्त झाला आहे. ‘क्वांटम’ शक्तीचे लॉकेट, ‘क्वांटम’ पाणी, अंगावरून यंत्र फिरवून सगळे रोग सांगणारी ‘क्वांटम’ तपासणी, असे पुष्कळ काही विकले जाते. विकणारा म्हणतो, “शास्त्रज्ञच सांगतात की पाहणाऱ्याच्या मनाने सृष्टी बदलते.” मंडळी, शास्त्रज्ञ असे सांगत नाहीत. वर ‘खूण घेणे’ म्हटले, त्याचा अर्थ मनाची शक्ती नव्हे. कणाची वाट कशावर तरी उमटली पाहिजे, मग ते यंत्र असो की दुसरा कण. कोणी माणूस हजर नसला तरी पट्टे जातात. आणि संभवाच्या लाटेचा हा खेळ अणूंच्या पातळीवर चालतो. कोट्यवधी अणूंच्या गर्दीत तो मिसळून जातो. म्हणून बैलगाडी दोन वाटांनी एकदम जात नाही आणि गळ्यातल्या लॉकेटाने ताप उतरत नाही.

उलट नुकसान होऊ शकते. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा खात्याने अशा दहा वस्तूंबद्दल इशारा दिला होता. त्यांतून शरीराला अपाय करू शकणारा किरणोत्सर्ग निघत होता. आपल्या भागात मलेरिया आहे. पोराला थंडी वाजून ताप भरला असता लॉकेट बांधून दोन दिवस वाट पाहणे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. रक्ताचा थेंब तपासून घ्यावा, आरोग्य केंद्रात न्यावे. पुंजयामिकीचा खरा उपयोग जिल्ह्याच्या दवाखान्यात सापडेल, लॉकेटात नाही. एमआरआय हे यंत्र अणूंच्या केंद्रकांच्या याच गुणांवर चालते.

तेव्हा गुरुजनांना विनंती आहे की, मुलांना तीन प्रश्न विचारायला शिकवा. तुम्ही म्हणता ती शक्ती किती, ते मोजून दाखवता का? कशाने मोजली? तसेच दुसऱ्याने मोजले तर तेच उत्तर येते का? प्लँक, आइन्स्टाइन, रामन या सगळ्यांना हे प्रश्न विचारले गेले आणि त्यांनी उत्तरे दिली. ज्याला ती देता येत नाहीत, त्याला आपला पैसा देऊ नये.

शेवटी पुन्हा भट्टीकडे जाऊ. लोहार जो दगडी कोळसा जाळतो तो आपल्याच चंद्रपूरच्या खाणीतला असेल, तर तो २५ कोटी वर्षांहून जुन्या वनस्पतींचा आहे. त्याच जातीच्या कोळशावर चंद्रपूरचे २९२० मेगावॅटचे वीजकेंद्र चालते. त्या काळच्या पानांनी उन्हातले तांबडे आणि निळे प्रकाशकण एकेक करून टिपले. हिरवे त्या मानाने कमी टिपले, म्हणून पाने हिरवी दिसतात. आजची सागाची, मोहाची, धानाची पानेही तेच करतात. प्राणवायूचा एक रेणू मोकळा करायला पानाला आठ-दहा प्रकाशकण खर्ची घालावे लागतात. ते सारे ऊन जमिनीखाली दडून राहिले आणि आता भात्याच्या वाऱ्यावर पुन्हा प्रकाश होऊन बाहेर पडते आहे, पुन्हा पुड्यांनीच.

पुढच्या खेपेला विळ्याला पाणी द्यायला जाल तेव्हा घरातले एखादे पोर बरोबर न्या. लोखंड लाल का झाले, निळे का झाले नाही, असे त्याने विचारले तर त्याला गप्प बसवू नका. बर्लिनच्या प्राध्यापकांना जो प्रश्न पडला होता, तोच त्याला पडला आहे.